पुढच्या रांगेतला ट्रंपेट

पुण्याहून येऊन दीड महिना झाला, तरी माझे गुडघे अजून पुण्यातच आहेत. माणसं पुण्याला जातात, शनिवारवाडा बघतात, सारसबागेत बसतात, बाकरवडीचे पुडे घेऊन परततात. मी पाच दिवस राहिले आणि यातलं काहीही केलं नाही. कोल्हापुरात जो भेटतो तो विचारतो, काय बघितलंत? मी सांगते, एक बँडवाल्याचं दुकान बघितलं. मग पुढे कुणी विचारत नाही.

माझा धंदा असा, की सिनेमा निघायच्या आधी मी निघते. कुणाला वकिलांवर सिनेमा काढायचा असला, की मी आठ दिवस कोर्टाच्या बाकावर बसते. कुणाला कोळ्यांवर काढायचा असला, की मासळीच्या वासात बसते. लोक कसे बोलतात, काय खातात, कशावरून भांडतात, सगळं वहीत उतरवून दिग्दर्शकाच्या हाती द्यायचं. शेवटी पडद्यावर 'संशोधन' म्हणून माझं नाव येतं, तेव्हा प्रेक्षक खुर्चीखाली चपला शोधत असतात. वीस वर्षं हे केलं. नियम एकच पाळला: पाहिलं तेवढंच लिहायचं. तो नियम मी या खेपेला मोडला, म्हणून हे लिहायला बसले आहे. माणसांची नावं बदलली आहेत, बँडचं नाव सांगणार नाही.

सोमवार, नारायण पेठ

दिग्दर्शक कौस्तुभ, वय एकतीस, मुक्काम मुंबई. त्याच्या सिनेमाचा नायक लग्नाच्या बँडमधला म्हातारा ट्रंपेटवाला. "ताई, मला खरा माणूस पाहिजे. तोच घेऊन टाकू सिनेमात," असं त्यानं निघताना दहा वेळा बजावलं होतं. रोज संध्याकाळी एसटीडी बूथवरून त्याला फोन करायचा, असं ठरलं होतं.

उतरले मावसबहिणीकडे, सुधाकडे. नारायण पेठेत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, जिना असा की वर पोचेपर्यंत आपण कशाला आलो ते विसरावं. दार उघडून सुधा म्हणाली, "आलीस? गादी माळ्यावर आहे. मी काढून देणार नाही, माझी पाठ धरलीय."

"अगं, माझे गुडघे धरलेत."

"मग जमिनीवर झोप. वैशाख आहे, गारच लागेल."

आमच्याकडे पाहुणा आला की आधी तांब्या आणि मग तासभर चौकश्या. इथे चौकशी नाही, पण ताटात आमटी-भातावर तूप मात्र सढळ. जेवताना तिनं विचारलं, "बँडवाल्यांवर सिनेमा? रस्ता अडवतात म्हणून मी दोनदा खिडकीतून ओरडले आहे. तेही घाल." घातलं. वहीच्या पहिल्याच पानावर आहे.

ऊन उतरल्यावर मंडईच्या मागे बँडचं दुकान शोधून काढलं. बोळासारखं अरुंद दुकान, भिंतीला टांगलेली पितळी वाद्यं, दोरीवर वाळत घातलेले लाल कोट. त्या कोटांना घामाचा आणि नॅप्थलीनच्या गोळ्यांचा असा काही मिश्र वास, की डोकं भणभणलं. मालक विलासराव, साठीचे, कपाळाला अष्टगंध. मी कशासाठी आले ते सांगितल्यावर म्हणाले, "सिनेमा? म्हणजे आमच्यावर हसणार."

"नाही हो, हसण्यासारखं काही नाही त्यात."

"मग बघणार कोण?"

पण माणूस बोलायला मोकळा. त्यानंच मला या धंद्यातली पहिली गंमत सांगितली. लग्नघरचे वीस माणसांचा बँड ठरवतात. त्यात वाजवणारे असतात चौदा. उरलेल्या सहांना नाक्यावरून आणायचं, लाल कोट चढवायचा, हातात वाद्य द्यायचं आणि सांगायचं, नुसते गाल फुगवा. "लग्नात लोक माणसं मोजतात. ऐकतंय कोण?" विलासराव म्हणाले. "फक्त एक काळजी घ्यायची. असला माणूस पुढच्या रांगेत उभा करायचा नाही. पुढची रांग वाजवणाऱ्यांची."

फोनवर हे ऐकून कौस्तुभ खूश झाला. "ताई, सोनं आहे हे!" त्याला सगळंच सोनं वाटतं. त्याचे गुडघे दुखत नाहीत.

मंगळवार, मंडई

पुढच्या रांगेत मधोमध उभे राहतात ते उस्मानचाचा. सहासष्ट वर्षांचे, उंच, मिशी मेंदीनं रंगवलेली. चाळीस वर्षं त्याच बँडमध्ये. दुकानात सगळे त्यांना बघून बाकावर सरकून जागा करतात. मी मनात म्हटलं, झालं, कौस्तुभचा नायक मिळाला, उद्या कोल्हापूरची गाडी पकडावी. कर्म माझं.

मी टेपरेकॉर्डर काढून म्हटलं, "चाचा, काहीतरी वाजवा ना." ते म्हणाले, आत्ता सगळ्यांची विश्रांतीची वेळ आहे, शेजारी ओरडतील. चार वाजता म्हटलं, तर बाज्याची, म्हणजे ट्रंपेटची, कळ अडकली होती. संध्याकाळी म्हटलं, तर ओठ फुटला होता. "वैशाखात ओठ फुटतो हो बाई, दम धरा जरा." मीही दमच धरून होते, दुसरं काही धरायला ताकद नव्हती.

त्याऐवजी त्यांनी मला मंडईत फिरवलं. कैऱ्यांचे ढीग, आंब्यांच्या पेट्या, भाव विचारून न घेणाऱ्या गिऱ्हाइकाकडे भाजीवाल्या बायका कशा बघतात, सगळं बघितलं. आमच्याकडची भाजीवाली अशा गिऱ्हाइकाला शिव्या घालते, इथली नुसतं "या पुन्हा" म्हणते, आणि ते जास्त लागतं. मी तिखट-मीठ लावलेली काकडी घेतली, एक फोड चाचांपुढे धरली. "तुम्ही खा," म्हणाले. भाजलेल्या शेंगा घेतल्या. "तुम्ही खा." चहाबरोबर खारी मात्र घेतली. ती चहात धरून ठेवली, पार लगदा झाल्यावर चमच्यानं खाल्ली. हेही मी वहीत लिहिलं, आणि त्याचा अर्थ काही लावला नाही. वीस वर्षांच्या अनुभवाचा हा उजेड.

बुधवार, रस्त्यावर

बुधवारी सिंहगड रस्त्याच्या बाजूला लग्न होतं. लग्नाआधी नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या पाया पडायला निघतो, त्या मिरवणुकीत मीही चालले. दुपारचे चार, डांबर वितळलेलं, आणि मिरवणूक अशी की दहा पावलं पुढे आणि अर्धा तास नाच. नवरदेवाच्या मित्रांनी मलाही ओढलं. मी म्हटलं, बाबांनो, मला नाचवलंत तर उचलून न्यावं लागेल.

चाचा पुढच्या रांगेत, मधोमध. लाल कोट, सोनेरी झालर, गाल फुगलेले, बोटं कळांवर झरझर चाललेली. सूर असा खणखणीत, की त्या उन्हातही माझ्या अंगावर काटा आला. खरंच सांगते, मी दमणूक विसरले. त्यांच्या बरोबर मागे, दुसऱ्या रांगेत, संतोष नावाचा ट्रंपेटवाला होता. पस्तिशीचा, धायरीचा, शेतकऱ्याच्या घरचा. जमीन विकल्यावर रिक्षा घेतली आणि लग्नसराईत बँडमध्ये येतो.

तेवढ्यात कुणीतरी लवंगी फटाक्यांची माळ बँडच्या पायाशीच लावली. धूर उठला आणि संतोषला खोकला आला. सूर तुटला.

ढोल चालू, झांजा चालू, क्लॅरिनेट चालू. ट्रंपेट तेवढा नाही. आणि चाचांचे गाल तसेच फुगलेले, बोटं तशीच कळांवर पळतायत. संतोषचा खोकला थांबला, त्यानं बाजा तोंडाला लावला, आणि सूर पुन्हा आला.

चाचांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी पाहिलं हे त्यांनी पाहिलं.

मिरवणूक देवळाशी पोचल्यावर संतोष माझ्याजवळ आला. घाम पुसत म्हणाला, "बाई, लई गाजावाजा करू नका. चाचांनीच शिकवलंय मला. म्या मागनं वाजवतो, त्यात काय हाय?"

"मालकांना माहीत आहे?"

"मालक पुढं चालत्यात, गर्दी हटवत. त्यांला मागचं काय दिसतंय?"

त्या संध्याकाळी मी कौस्तुभला फोन केला नाही. सुधाला म्हटलं, डोकं दुखतंय. ती म्हणाली, "उन्हात नाचलीस, मग काय होणार?" आणि कपाळाला सुंठ उगाळून लावली.

गुरुवार, येरवडा

सकाळी चाचांनी घरी बोलावलं. येरवड्याला बसनं गेले. तुरुंगाच्या पुढे वस्तीत उतरायचं, पिठाच्या गिरणीशी वळायचं. दोन खोल्यांचं स्वच्छ घर, दारात तुळशीसारखी जपलेली पुदिन्याची कुंडी. चाची बोलायला कमी. त्यांनी मला दालचा-भात वाढला, वर तळलेली मिरची. चाचांच्या ताटात तोच भात मऊ गुरगुट्या शिजवलेला, चपाती दुधात कुस्करलेली. दोन वेगळी पातेली चुलीवर होती. चाचींना माहीत आहे का, हे विचारायची गरजच नव्हती.

जेवण झाल्यावर चाचांनी खिशातून रुमाल काढला, त्यात कवळी होती. "पुढचे दात दोन वर्षांमागं गेले," ते म्हणाले. "कवळी लावली तर बाजा टेकवल्यावर निसटते. काढली तर ओठाला आधार नाही. फक्त हवा निघते. खूप करून बघितलं, बाई. इथंच बसून करायचो, गोधडी तोंडावर घेऊन, शेजाऱ्यांना कळू नये म्हणून."

मी पाण्याचा पेला हातात घेऊन बसले.

"विलासरावांना कळलं तर घरी बसवतील. त्यांचं चूक नाही, पुढची रांग वाजवणाऱ्यांची. पण बाई, चाळीस वर्षं मी मधे उभा आहे. घरी बसलो तर करू काय? पुदिन्याला पाणी घालू?" मग म्हणाले, "हे लिहू नका."

मी शब्द दिला. पहिल्यांदाच कुणाला असा शब्द दिला, आणि देताना बरंही वाटलं.

संध्याकाळी बूथवर गेले. आधीच्या माणसाचं बोलणं संपेपर्यंत उभं राहून पायांत गोळे आले. कौस्तुभ दोन दिवसांचा तुंबलेला होता. "ताई, काल फोन नाही? म्हाताऱ्याचं काय? वाजवतो का अजून, की संपलाय?"

'संपलाय' हा शब्द मला झोंबला. पेनाची शाई संपते तसं तो बोलला. मी तडकून म्हणाले, "संपलाय कसला? पुढच्या रांगेत उभा राहून सबंध मिरवणूक ओढतो तो माणूस. मी माझ्या कानांनी ऐकलंय."

मग तो म्हणाला, "ताई, मी उद्या सकाळच्या गाडीनं येतो. ऐकतो आणि तिथंच पक्का करतो."

मी फोन ठेवला. बूथवाली म्हणाली, "झालं का? बाहेर लोक आहेत."

शुक्रवार, दुकानात

कौस्तुभ अकराला आला. गॉगल, खांद्याला कॅमेरा. विलासरावांनी नवा सदरा घातला होता, दुकानापुढे पाणी मारलं होतं. बँडमधले सगळे जमले होते, कारण मी रात्री दुकानात निरोप ठेवला होता आणि सिनेमावाला येणार ही बातमी संतोषनं सगळ्यांना सांगितली होती. मी लवकर जाऊन चाचांना गाठलं आणि झालेलं सांगितलं. ते रागावले नाहीत. "तुम्ही चांगल्यासाठी बोललात," एवढंच म्हणाले, पण चेहरा उतरला.

संतोषनं त्याच्या परीनं बंदोबस्त केला होता. "आपण समदेच वाजवू, मंग काय कळतंय त्यांला?" सगळे उभे राहिले. पुढे चाचा, मागे संतोष. दुकान एवढंसं, आवाज एवढा, की वरच्या मजल्यावरच्या बाईनं खिडकी आपटली. कौस्तुभ डोळे मिटून ऐकत होता.

संपल्यावर म्हणाला, "वा! आता फक्त चाचा."

विलासराव म्हणाले, "आमच्यात एकट्यानं वाजवायची पद्धत नाही."

"पण ताईंनीच सांगितलं ना, काय वाजवतात ते."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी तेव्हा बोलायला हवं होतं. म्हणायला हवं होतं, मी खोटं बोलले, कौस्तुभ, चल इथून. पण ते म्हटलं तरी चाचांचं उघडं पडणार आणि नाही म्हटलं तरी पडणार, असा हिशेब करत मी गप्प उभी राहिले. भित्री आहे मी. वीस वर्षं कोपऱ्यात उभं राहून लिहायची सवय लागली की मधे पडता येत नाही.

चाचांनी रुमालानं बाज्याचं तोंड पुसलं. सावकाश, दोनदा. मग बाजा ओठाला लावला. कुकरची शिट्टी पडून गेल्यावर उरलेली वाफ निघावी तसा आवाज आला. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. एक बारीक, फाटका सूर निघाला आणि मधेच विरला. मागे संतोषनं बाजा उचलला होता, तो त्यानं खाली घेतला.

विलासराव शांतपणे म्हणाले, "अहो साहेब, माणूस सकाळपासून तुमच्यासाठी उपाशी थांबलाय. आधी चहा घ्या. संतोष, साहेबांना कोपऱ्यावर घेऊन जा." सगळे बाहेर पडले. चाचाही बाज्याला फडकं गुंडाळून निघून गेले. मी बाकावर बसले.

"मला कळत नव्हतं वाटतं तुम्हाला?" विलासराव म्हणाले. "तीस वर्षं बँड चालवतोय. संतोषचा सूर आणि उस्मानचा सूर मला वेगळा कळत नाही? कान काय भाड्यानं दिलेत मी?"

"मग तुम्ही दोन वर्षं बोलला नाहीत?"

"बोललो असतो तर त्याला घरी पाठवावं लागलं असतं. तो बोलला नाही, मी बोललो नाही, तोवर चाललं होतं. आता सगळ्यांच्या देखत झालं, बाई. उद्या त्याला मधे उभा केला तर बाकीचे माझ्या तोंडाकडे बघणार." त्यांनी एक लाल कोट दोरीवरून काढला, झटकला, परत टांगला. "तुम्ही पाच दिवस आलात आणि बघा."

मला रडू आलं. दुकानात, त्या कोटांच्या वासात, मी पदर डोळ्यांना लावून बसले. विलासरावांनी पंखा माझ्याकडे वळवला आणि ते पावतीपुस्तक चाळत राहिले.

शनिवार, स्वारगेट

सुधानं गाडीत खायला दशम्या बांधून दिल्या आणि म्हणाली, "पुढच्या वेळी सिनेमा नसताना ये." स्वारगेटला कोल्हापूरच्या गाडीला अर्धा तास होता. फलाटावर चाचा उभे होते. हातात चाचींनी केलेल्या नानकटाईचा पुडा.

"विलासरावांनी दिव्यांच्या गाडीवर घेतलंय मला," ते म्हणाले. "मिरवणुकीच्या कडेनं दिवे चालतात ना, ती गाडी सांभाळायची. बरं आहे. बसायलाही मिळतं." हसले. मी त्यांची माफी मागितली, नीट मागता आली नाही, शब्द अडखळले. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"ते जाऊ द्या. मी दुसऱ्याच कामासाठी आलो. त्या साहेबांना सांगा, उस्मानचा ओठ फुटला होता त्या दिवशी. नाहीतर त्यांना वाटेल, बाईंनी खोटं सांगितलं. तुमचं काम जाईल हो. वैशाखात ओठ फुटतो, कुणीही मानेल."

गाडी लागली. त्यांनी माझी पिशवी वर चढवून दिली. साताऱ्यापर्यंत मी नानकटाईचा पुडा मांडीवर धरून होते, उघडला नाही.

घरी आल्यावर दोन दिवसांनी कौस्तुभचा फोन आला. आवाजात उत्साह मावत नव्हता. "ताई, तो क्षण! सगळ्यांसमोर त्याचा सूर फाटतो, तो क्षणच माझा सिनेमा आहे. आपण त्याला तेच पुन्हा करायला लावू, कॅमेऱ्यासमोर. तुम्ही फक्त मला त्याची गोष्ट लिहून द्या. काय झालंय त्याला? दात? फुप्फुसं? कधीपासून वाजवत नाही?"

माझी वही समोर होती. गुरुवारचं पान कोरं होतं.

"वाजवतात की," मी म्हणाले.

"ताई, मी स्वतः ऐकलं. काही निघालं नाही."

"तुला वैशाखातलं पुणं माहीत नाही, कौस्तुभ. त्या दिवशी त्यांचा ओठ फुटला होता."